बिनठिणगीचं काम

जबलपुरात धोका हा सरकारी विषय आहे. तो उंच भिंतीच्या आत राहतो. त्याला गेट असतं, गेटवर जवान असतो, आणि पास दाखवल्याशिवाय आपल्याला धोक्याकडे जाता येत नाही की धोक्याला आपल्याकडे येता येत नाही. १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, १९६९ला व्हेइकल फॅक्टरी सुरू झाली. एवढा सगळा धोका मोजक्या ठिकाणी नीट कुलपात ठेवल्यावर बाकीच्या शहरात तो उरेलच कशाला, असा इथल्या माणसाचा सरळ हिशेब आहे.

त्यामुळे रविवारी सकाळी, पोहे-जिलबी आटोपल्यावर, रांझीतल्या एखाद्या अंगणात अँगल ग्राइंडर किंचाळायला लागला की कुणी दचकत नाही. उलट लोक जमतात.

आमच्या गल्लीत या कार्यक्रमाचे यजमान काका. सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणते, मराठी असो वा नसो. १८१७ साली नागपूरकर भोसल्यांचा अंमल संपला आणि जबलपूर इंग्रजांकडे गेलं, पण मराठी माणूस काही गेला नाही. तो कचेरीत शिरला, शाळेत शिरला, रेल्वेत आणि मग फॅक्टऱ्यांत शिरला. काकांच्या घरी कुळाचार कोकणातला, भाजीचा रस्सा नागपूरचा आणि भांडण बुंदेली. नोकरी त्यांनी जोंगाच्या लाइनवर केली. जोंगा म्हणजे लष्कराची ती दणकट गाडी. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली अशा भारदस्त नावाची अक्षरं वेचून तिचं बारसं झालेलं. गाडी केव्हाच बंद पडली, पण काकांचा युक्तिवाद तिच्यावरच चालतो. "काका, गार्ड लावा ना ग्राइंडरला," असं कुणी म्हटलं की काका मशीन बंद करतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "ज्यानं जोंगा बनवली त्याला तू खिडकी कापायला शिकवून राहिला काय?"

यावर उत्तर नाही. म्हणजे आहे, पण काकांसमोर नाही.

गंमत अशी की हेच काका फॅक्टरीत नियमाचे एकदम पक्के होते. बूट, गॉगल, बटणं लावलेला डगला, सगळं. दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस येतो, शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते. काकांना एका वर्षी घोषवाक्याचं पहिलं बक्षीस मिळालं होतं, स्टीलचा मोठा झाकणाचा डबा. तो डबा अजून आहे. त्यात ग्राइंडरच्या डिस्क असतात आणि तळाशी ग्राइंडरचा गार्ड असतो. मशीन गुरंदी बाजारातून घरी आलं त्या दिवशी काकांनी गार्ड काढून आत ठेवला, तो हरवू नये म्हणून.

मी पाहिलंय ते असं: सुरक्षितता माणसाच्या अंगात नसते, ती गेटवर जमा असते. सकाळी पास दाखवून घ्यायची, संध्याकाळी परत करायची. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळतं. सावधगिरी स्टोअरला जमा करून घेतात.

आता ॲल्युमिनिअमचं काय ते सांगतो, कारण लोखंड असतं तर ही गोष्ट एवढी लांबलीच नसती. जबलपुरातल्या घरांच्या गॅलऱ्या एकामागून एक ॲल्युमिनिअमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद झाल्या. पावसाचं झोडपणं, माकडं, धूळ, कारणं अनेक. पण खिडकी आली की जाळी आली, जाळीला चौकट आली, चौकटीतून तुकडे उरले, आणि उरलेला तुकडा टाकून देणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. काकांनी उरलेल्या सेक्शनमधून कपडे वाळवायचा स्टँड केला, चपलांचं रॅक केलं, कुलरचं स्टँड केलं. काकूंच्या स्वयंपाकघरात एके काळी जर्मनची पातेली होती. आता त्या पातेल्यांना ठेवायची मांडणीसुद्धा त्याच धातूची आहे.

लोखंड निदान बोलतं. डिस्क टेकली की ठिणग्यांचा फवारा उडतो, माणूस आपोआप मान वळवतो, बघे दोन पावलं मागे सरतात, काकू वाळत घातलेली साडी ओढून घेतात. ॲल्युमिनिअमला ठिणगी नाही. ते आवाज करतं, पांढुरकी भुकटी उडवतं आणि बस. त्यामुळे काकूंनी "अहो, डोळ्याला काहीतरी लावा" म्हटलं, की काकांचं ठरलेलं उत्तर: "हे लोखंड नाही. ठिणगी कुठंय?" ठिणगी नाही म्हणजे धोका नाही, हे वाक्य मी या शहरात इतक्या तोंडांतून ऐकलंय की कुण्या घोषवाक्य स्पर्धेत त्यालाच बक्षीस मिळालं असावं.

या धातूचा स्वभावच गप्प बसून करायचं ते करण्याचा. तो ६६० अंशांना वितळतो, पण तिथवर पोचेपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवत नाही. लोखंड तापून लाल होतं, हे पांढरंच्या पांढरं. शिवाय उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी वेगानं पसरवतं, म्हणजे कापलं या टोकाला आणि भाजलं त्या टोकाला. आमच्या गल्लीत कापलेला तुकडा "बघू बघू" म्हणून उचलणारा एक तरी सापडतोच, आणि तो तुकडा खाली टाकताना जे शब्द येतात ते कोणत्याही भाषेत सारखेच निघतात.

खरी मेख डिस्कमध्ये आहे. आपण बाजारातून आणतो ती नेहमीची डिस्क म्हणजे अपघर्षक खडे, रेझिन आणि जाळी. खड्यांच्या मधे बारीक भोकं असतात, तीच तिची धार. लोखंड कापताना कण तुटून बाहेर पडतात, बोथट खडा गळतो, नवा खडा पुढे येतो. ॲल्युमिनिअम मऊ. ते तुटून पडण्याऐवजी लिंपलं जातं, भोकांत जाऊन बसतं, आणि थोड्या वेळात डिस्कवर चकचकीत लेप चढतो. आता ती कापत नाही, घासते. घासली की तापते. कापत नाही म्हणून काका जोर देतात. जोर दिला की आणखी तापते. अशी तापलेली, लिंपलेली, वाकडा दाब सोसणारी डिस्क कधी तरी फुटायचं ठरवते. आणि गंमत बघा, या डिस्कमधले खडे बहुतेक वेळा ॲल्युमिनिअमच्याच ऑक्साइडचे असतात. आपल्या नर्मदामाईचा उगम त्या अमरकंटकचा. तिथल्याच डोंगरातलं बॉक्साइट कोरब्याच्या कारखान्यात जाऊन ॲल्युमिनिअम झालं. घरचाच माल, घरच्याच मालानं घासायचा. भाऊबंदकीला आणखी काय हवं?

फुटते म्हणजे काय होतं, याचा हिशेब काकांच्या नातवानं एकदा वहीत मांडला. चार इंची मशीन मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतं. डिस्कचा परीघ गुणिले फेरे, कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे. देशातली कुठलीही प्रवासी गाडी रोजच्या धावेत १६०च्या वर जात नाही. म्हणजे डिस्कचा तुकडा वंदे भारतला मागे टाकून निघतो, आणि त्याला थांबा नाही. नातवानं हे मोठ्या अभिमानानं वाचून दाखवलं. काका म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण हस्ताक्षर बिघडलं तुझं."

तुकडा जातो तो डिस्कच्या पातळीत, म्हणजे ती ज्या उभ्या रेषेत फिरते त्याच रेषेत, पुढं, मागं, वर. त्या रेषेतून बाजूला उभं राहावं, एवढा साधा नियम. पण कापताना चीर कुठं पडतेय ते सर्वांत छान त्याच रेषेतून दिसतं. म्हणून गल्लीतली सगळी बघ्यांची रांग बरोबर तिथं. पहिल्या नंबरला तंबाखू मळणारा बड्डे. हे त्याचं नाव नाही. जबलपुरात कुठल्याही अर्धपरिचित माणसाला बड्डेच म्हणतात. "काका, थोडा इधर दबाओ," बड्डे सांगतो. काका म्हणतात, "हओ." आणि दाबतात.

काकांचा पोशाखही सांगायला हवा. बनियन, लुंगी, रबरी चप्पल, गळ्यात गमछा. गमछ्याचं टोक डिस्कपासून अर्ध्या वितीवर डुलत असतं. फॅक्टरीत सैल कपडा म्हणजे गुन्हा, आणि मशीनजवळ सैल सुती हातमोजे तर त्याहून वाईट, कारण धागा गुंतला की मशीन बोटाला विचारत नाही. डोळ्यांवर वाचायचा चष्मा, तोही बहुधा कपाळावर. बाजूचं हँडल काढलेलं, कारण "एका हातानं पकड सुटसुटीत बसते". दुसऱ्या हातात कापायचा तुकडा. व्हाइस आहे, पण ती माळ्यावर आहे, आणि माळ्यावरून काढायला शिडी लागते, आणि शिडी बड्डेच्या घरी आहे. म्हणून तुकडा रंगाच्या उपड्या डब्यावर ठेवून पायानं दाबायचा. मदनमहालच्या टेकडीवर एक प्रचंड शिळा दुसरीवर जेमतेम टेकून उभी आहे, १९९७च्या भूकंपातही ती हलली नाही. जबलपूरकराचा तोल या विषयावरचा विश्वास तिथूनच आला असावा. आम्ही काहीही कशावरही ठेवतो.

वीजपुरवठा खिडकीतून येतो. प्लग तुटला आहे. दोन उघड्या तारा बोर्डाच्या भोकांत आणि त्या निसटू नयेत म्हणून दोन आगकाड्या. डिस्क बदलायच्या आधी प्लग काढावा असं पुस्तक सांगतं. काका म्हणतात, प्लगच नाही तर काढू काय?

एकदा चार इंची डिस्क संपली, दुसरी मिळेना, तेव्हा बड्डेनं कुठून तरी सात इंची अर्धी झिजलेली आणली. भोक मोठं म्हणून मधे वॉशर. मोठ्या डिस्कवर तिची मर्यादा छापलेली असते, मिनिटाला साधारण ८,५०० फेरे. छोटं मशीन तिला ११,००० देतं. गार्ड असता तर ती बसलीच नसती. गार्डच्या विरोधात काकांचा हाच मुख्य मुद्दा आहे: तो काही बसूच देत नाही.

फुहाऱ्याकडच्या एका दुकानात मी स्वतः विचारायला गेलो. ॲल्युमिनिअमसाठी वेगळी डिस्क मिळते हे ऐकून होतो. सिलिकॉन कार्बाइडची किंवा न लिंपणाऱ्या मसाल्याची. दुकानदारानं माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "भाईसाहब, लोहे वाली ले जाओ, इससे सब कटता है." मी म्हटलं, "ॲल्युमिनिअम भर जाता है इसमें." तो म्हणाला, "तो दूसरी लगा लेना. इसीलिए तो पैकेट में बेचते हैं." व्यापारी दृष्टीनं यात चूक काढता येत नाही. चांगल्या डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर ती कधीपर्यंत वापरावी ते छापलेलं असतं, साधारण तीन वर्षांचं. रेझिन दमट हवेत म्हातारं होतं. मी ते कडं शोधत होतो तर दुकानदार म्हणाला, "दवाई थोड़ी है."

मग शहाण्या माणसानं करावं काय? खरं तर सरळ छेद हवा असेल तर ग्राइंडरला हात लावायचं कारणच नाही. हॅकसॉनं पाच मिनिटांत सेक्शन कापलं जातं. दुकानवाले कार्बाइड दातांची चकती असलेल्या कटाई मशीनवर कापतात. ग्राइंडर लागतो तो वेल्डचा फुगवटा उतरवायला, कडा मोडायला. त्याला जाड दाण्याची फ्लॅप डिस्क उत्तम, चाळीस नाहीतर साठ नंबरची. हात हलका, एका जागी रेंगाळायचं नाही, आणि कामाच्या जागेवर आधी मेणबत्ती घासायची, म्हणजे धातू लिंपत नाही. हा मेणबत्तीचा भाग काकांना एकदम पटला. गार्ड, गॉगल, हँडल, प्लग, सगळ्याला नकार, पण मेणबत्तीला होकार. त्यात काहीतरी विधीसारखं होतं. आता वीज गेली की काकू अंधारात ओरडतात, "अहो, मेणबत्ती कुठं गेली?" आणि काका अंधारातूनच सांगतात, "चपलांच्या रॅकला."

विधीचं म्हणाल तर या मशीनइतकी पूजा देवघरातल्या देवांचीही होत नाही. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, साऱ्या शहरातली यंत्रं त्या दिवशी हार घालून बसतात. मग नवरात्रात खंडेनवमी, आमची घरची. तेव्हा पुन्हा हळदकुंकू, फूल, अक्षता. वर्षातून दोनदा काका ग्राइंडरला नमस्कार करतात. पूजेला मशीन पूर्ण सजलेलं लागतं म्हणून त्या दिवशी डब्यातून गार्डसुद्धा काढून लावतात. दुसऱ्या दिवशी उतरवतात.

भुकटीचं एक राहिलं, आणि इथं मला थोडं गंभीर व्हावं लागेल. ॲल्युमिनिअमची बारीक धूळ हवेत तरंगली आणि तिला ठिणगी मिळाली तर ती नुसती जळत नाही, फुटते. २ ऑगस्ट २०१४ला चीनमधल्या कुनशान शहरात मोटारींच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साचलेली हीच धूळ पेटली. सुरुवातीच्या मोजणीतच ७५ माणसं गेली होती. अंगणात एवढी धूळ कुणी करत नाही, पण शटर ओढलेल्या छोट्या वर्कशॉपात ती कोपऱ्याकोपऱ्यात, पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटवर वर्षानुवर्षं बसते. त्यात त्याच टेबलावर गंजलेली ग्रिल घासली तर गंजाची भुकटी तिच्यात मिसळते. गंज आणि ॲल्युमिनिअम, यालाच थर्माइट म्हणतात. रेल्वेवाले याच जोडीला मुद्दाम पेटवून रुळांचे सांधे जोडतात, वितळलेलं लोखंड ओतून. जबलपूर तर रेल्वेच्या एका अख्ख्या विभागाचं मुख्यालय. इथं हे कुणाला शिकवायला नको. लोखंडाचं टेबल वेगळं, ॲल्युमिनिअमचं वेगळं, डिस्कही वेगळ्या. हवेच्या पाइपानं धूळ उडवायची नाही, हळूच झाडून काढायची. ओली करून बंद डब्यात भरायची नाही, पाण्याशी तिचं जुळलं की हायड्रोजन सुटतो. आणि पेटलीच तर पाणी मुळीच नाही. कोरडी वाळू.

कोरड्या वाळूच्या बाबतीत मात्र आमची गल्ली आदर्श आहे. प्रत्येक घरासमोर बांधकामातून उरलेला नर्मदेच्या वाळूचा ढीग आहे. ती वाळू कुठल्या घाटावरून, कुणाच्या परवानगीनं आली हे विचारायचं नसतं. ती कोरडी आहे का, याचं उत्तर गल्लीतल्या मांजरांवर अवलंबून आहे.

शेवटी काकांच्या पुण्याच्या मुलानं कंटाळून एक खोकंच पाठवलं. त्यात तोंडावरची पारदर्शक ढाल, गॉगल, चामड्याचे घट्ट हातमोजे, कानात घालायचे बोंडे, नवा तीन पिनांचा प्लग, आणि खास ॲल्युमिनिअमच्या, कड्यावर तारीख छापलेल्या डिस्क. खोकं उघडायलाही गल्ली जमली. ढाल काकूंनी घेतली. फोडणीत मोहरी आणि लाल मिरची टाकताना इतकी छान वस्तू दुसरी नाही, असं त्या शेजारणींना सांगतात. गॉगल कांदा चिरायला. हातमोजे बड्डेनं एका दिवसासाठी नेले. कानाचे बोंडे नातू शिकवणीला लावून बसतो. प्लग मिक्सरला लागला.

डिस्क काकांनी हातात घेऊन उलट्यासुलट्या पाहिल्या, कड्यावरची तारीख चष्मा खाली ओढून वाचली, किंमत विचारली आणि गप्प झाले. मग त्या पिशवीत गुंडाळून गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या खणाखाली ठेवल्या. मी म्हटलं, "काका, अहो वापरा की." काका म्हणाले, "एवढी महाग वस्तू चपलांच्या रॅकवर घालवायची काय? राहू दे. एखादं चांगलं काम निघालं की काढू." आणि डब्यातून कालची लिंपलेली डिस्क काढून, फरशीवर दोनदा आपटून, तिच्यावर थोडं मेण घासलं.